हळदीच्या पोत्यातली मर्यादा

"येत्या रविवारी आपल्या मंडळीतल्या बायका अशा दिसल्या पायजेत, की वरून देवदूतानं वाकून बघावं आन म्हणावं, अरे, ह्या तर आपल्यातल्याच! किती दिस लागतील? फकस्त एक हप्ता! सोनाजी मास्तराचा शब्द हाय!"

गोरेगावच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात सोनाजी मास्तर असे गरजले, तेव्हा पत्र्यावर बसलेले कावळेसुद्धा उडाले. बायका मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांना मास्तरांच्या शब्दांची सवय होती. मास्तरांचा मागचा शब्द प्रार्थनाघराच्या गळक्या पत्र्याबद्दल होता, आणि पत्रा अजून गळतच होता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हं. एसटीतले. हिंगोली-सेनगाव-गोरेगाव गाडीवरचे कंडक्टर मास्तर. आयुष्यभर 'पुढं सरका, पुढं सरका' करून त्यांचा आवाज असा तयार झाला होता, की ते घरी 'मीठ द्या' म्हणाले तरी शेजारचा माणूस दोन पावलं पुढं सरकायचा. हिंगोलीचे पाळक महिन्यातून एकदा उपासनेला येत. बाकीचे रविवार मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी पंच, म्हणून सोनाजी मास्तरांच्या ताब्यात. मग काय विचारता! पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, लेकरं मांडीवर, दारात कोणी उभं राहायचं नाही. प्रार्थनाघरात घंटीची दोरी नव्हती म्हणून बरं, नाहीतर 'आमेन'नंतर मास्तरांनी डबल बेल दिली असती.

पण या खेपेच्या गर्जनेला खरं कारण होतं, आणि ते कारण डावीकडच्या रांगेत मान खाली घालून बसलं होतं. मास्तरांची एकुलती एक लेक, प्रतिक्षा.

झालं होतं असं. नाताळच्या सुट्टीत जालन्याला तरुण मंडळींचं शिबिर भरलं. तिथं प्रतिक्षानं गाणं म्हटलं आणि परभणीच्या हिवराळे पाळकांच्या विजयकुमारनं पेटी वाजवली. गाणं तीन मिनिटांत संपलं, पण पेटी काही थांबली नाही म्हणतात! पोरानं आईला सांगितलं, आईनं पाळकसाहेबांना सांगितलं, आणि निरोप आला की एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आम्ही गोरेगावला उपासनेला येतो, मुलगीही पाहतो. याआधी आलेली दोन स्थळं प्रतिक्षानं 'डोकं दुखून राहिलं' म्हणून वाटेला लावली होती. हा निरोप आल्यावर तिनं सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा झाडलं. तिच्या आईला, शालूबाईंना, तेवढ्यावरूनच सगळं कळलं. संध्याकाळी तेच अंगण पुन्हा झाडायला घेतलं तेव्हा मास्तरांनाही कळलं. पोरीचा जीव तिथं गुंतलाय हे समजल्यावर हा गरजणारा माणूस गोठ्यामागं जाऊन डोळे पुसून आला. मास्तरांचं काळीज लोण्याचं होतं, फक्त त्यावर झाकण पत्र्याचं होतं.

आणि नेमकं हिंगोलीच्या स्टँडवर परभणी गाडीचा कंडक्टर भेटला.

"हिवराळे पाळक? बाप रे, सोनाजी! मागल्या साली कळमनुरीची सोयरीक जागेवर मोडली त्यायनं! सगळं ठरलं व्हतं. अन् बायकांच्या कपड्यावरून..."

तेवढ्यात डबल बेल झाली आणि परभणी गाडी सुटली. पुढचं वाक्य धुरळ्यात गेलं. पण मास्तरांना पुढच्या वाक्याची गरजच वाटली नाही! बायकांच्या कपड्यावरून सोयरीक मोडली! म्हणजे पाळकसाहेब कपड्याच्या बाबतीत कडक! म्हणजे आपल्या मंडळीत एकही बाई भडक दिसता कामा नये!

तर त्या रविवारी मास्तरांनी शास्त्र उघडलं, पानावर अंगठा रोवला आणि अंगठ्याच्या खालून वाचायला सुरुवात केली. स्त्रियांनी मर्यादेनं राहावं, वेण्या, सोनं, मोती, भारी कपडे यांनी नटू नये. आणि दोन ओळी खाली, बाईनं शांतपणानं शिकावं. ही शेवटची ओळ त्यांनी तीनदा वाचली.

चांगुणा मागून उठली. मंडळीतली सगळ्यात तिखट जीभ. सेनगावच्या बाजारात मिरची विकायची, त्यामुळे माल आणि बोलणं एकाच टोपलीतलं.

"मास्तर, मोती आमी फकस्त चित्रात पायला. सोनं म्हणाल तर ह्या मण्यायेवढं. भारी कपडा माह्या सासूनं बी नेसला न्हाई. मंग आमी सोडावं तरी काय?"

"येणी सोडा!"

"केस मोकळे सोडून यायचं?"

"न्हाई! मोकळे बी न्हाई! अंबाडा! बिनफुलाचा! आन सगळ्यांनी पांढरी साडी. सुती. बिनकाठाची. हातात बांगडी न्हाई, गळ्यात काय न्हाई. जालन्याच्या मिशनमधल्या बाया बघा, कशा बगळ्यासारख्या शुभ्र दिसतात!"

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. शालूबाई हळूच म्हणाल्या, "अहो, पण पांढरी साडी, रिकामे हात... गावात लोक काय..."

"शालू! बाईनं काय करावं?"

"शांतपणानं शिकावं."

"मंग?"

शालूबाई शांतपणानं बसल्या. आता शालूबाई गप्प बसल्या की पुढं काहीतरी फुटतं, हे इतक्या वर्षांच्या संसारात मास्तरांना कळायला हवं होतं. पण माणूस तिकिटं फाडता फाडता बायकोच्या चेहऱ्याकडं बघायचं विसरतो.

गुरुवारी ड्यूटी संपल्यावर मास्तर खाकी वर्दीतच हिंगोलीच्या कापडदुकानात शिरले.

"सब बाया के वास्ते सफेद साड्या होना. बिनकाठ की. एकच दिन पहननी है सबको."

दुकानदारानं त्यांच्या वर्दीकडं पाहिलं. मग साड्यांच्या गठ्ठ्याकडं. हातातला गज त्यानं हळूच खाली ठेवला.

"कौनसी गाडी थी, मास्तर?"

"गोरेगाव की. अपनीच."

"या अल्ला! सब के सब?"

"सब!" मास्तर अभिमानानं म्हणाले. "एक को भी नहीं छोडा!"

दुकानदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं भाव न करताच भाव कमी केला, वर गठ्ठा स्वतः गाडीपर्यंत आणून दिला. 'हिंगोली जिल्हा झाल्यापासून माणसं किती सुधारली!' असं मास्तर मनात म्हणाले आणि टपावर गठ्ठा बांधून घराकडं निघाले.

शुक्रवारी संध्याकाळी रंगीत तालीम ठरली. रंगीत म्हणायचं, पण पांढरी. बायकांनी आपापल्या घरी साड्या नेसायच्या, बांगड्या उतरवायच्या आणि भर बाजारातून प्रार्थनाघरात यायचं. तशा त्या निघाल्याही. मान खाली, पदर डोक्यावर, तोंडातून चकार शब्द नाही, कारण शब्दाला मनाई!

त्याच वेळी गावात प्रवासी आणणारी रामसिंगची जीप हिंगोलीहून बाजारात येऊन थांबली, आणि जीपमधून बातमी उतरली. गोरेगावची एसटी पलटी झाली म्हणे! कापडदुकानातून पांढऱ्या साड्यांचा गठ्ठा गेला म्हणे!

मास्तरांचा शेजारी शेषराव हळदीचं पोतं खांद्यावर घेऊन चालला होता. त्यानं बातमी ऐकली, वर पाहिलं, तर समोरून पांढऱ्या साड्यांची रांग! सगळ्यात पुढं शालूबाई! शेषरावानं पोतं टाकलं, डोक्याची टोपी काढली आणि तो रस्त्यातच बसला.

"सोनाजी गेला रं!"

बघता बघता किराण्याच्या दुकानाची फळी पडली. हॉटेलवाल्यानं चहाची चूल विझवली. चांगुणाच्या घरासमोर तिच्या नवऱ्याला खांदा द्यायला माणसं जमली, तेव्हा नवरा आतून जेवण आटोपून ढेकर देत बाहेर आला आणि 'कोण गेलं रं?' म्हणून तोही खांदा द्यायला उभा राहिला.

सगळ्यात कहर केला सत्यभामाबाईंनी. मास्तरांच्या थोरल्या बहिणीनं, सेनगावहून. बातमी ऐकून त्या मिळेल त्या जीपला लटकून आल्या आणि प्रार्थनाघराच्या दारातच शालूबाईंच्या गळ्यात पडल्या.

"माह्या सोन्या रं! काहून गेलास रं!"

आतून मास्तर धावत आले. "अक्का! काय झालं? कोण गेलं?"

"गप बस रं, सोन्या गेला!" असं म्हणून अक्कांनी हुंदका दिला, डोळे पुसले, समोर नीट पाहिलं आणि मास्तरांच्या फाडकन थोबाडीत मारली. "मेल्या, जित्ता हायेस तर सांगायचं न्हाई का!"

त्या रात्री गावात मास्तरांचा जो उद्धार झाला, तो छापण्यासारखा नाही.

शनिवारी बायकांनी एकमुखानं सांगितलं. म्हणजे एकमुखानं चांगुणानं सांगितलं. "मास्तर, पोरीच्या भल्यासाठी आमी नेसू. प्रतिक्षा आमची बी लेक हाय. पण पांढऱ्या साडीत गावातून चालत येणार न्हाई. माह्या नवऱ्याच्या तेराव्याला काय काय करायचं, हे आत्तापासून विचारून राहिलेत लोक!"

मास्तरांना हे पटलं. तोडगा निघाला. अक्कांच्या आणि इतरांच्या मिठ्यांनी मळलेल्या साड्या शनिवारी धुवायच्या, सगळ्या एकत्र भरून ठेवायच्या, आणि रविवारी भल्या सकाळी बायकांनी प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत नेसायच्या.

"भरायचं काम म्या करतो," मास्तर म्हणाले. "तुमी बायका त्यात काठाची एखादी घुसडाल!"

साड्या अजून ओलसर होत्या. भरायला काहीतरी मोठं हवं होतं. शेषरावाच्या कुंपणावर रिकामी पोती वाळत टाकलेली होती. मास्तरांनी त्यातलं सगळ्यात मोठं ओढलं, साड्या कोंबल्या, वर स्वतःचा रविवारचा पांढरा सदरा-पायजमा ठेवला.

आता एप्रिल महिना. शेषराव हळदवाला. हळद शिजवून, वाळवून, घासून पोत्यात भरण्याचे दिवस. त्या पोत्यात काय होतं, हे गोरेगावचं कुत्रंही सांगेल. पण एप्रिलात सगळं गावच हळदीच्या वासाचं असतं, आणि मास्तरांच्या नाकाचं म्हणाल, तर ज्यानं जन्म एसटीत काढला त्याचं नाक कधीच सेवानिवृत्त झालेलं असतं.

शालूबाई दारात आल्या. "अहो, ते पोतं..."

"शालू!"

"अहो, पण शेषरावभाऊ त्यात..."

मास्तरांनी एक बोट वर केलं. गाडी भरल्यावर दारातल्या माणसाला थांबवतात ना, तसं. शालूबाई थांबल्या.

"आई, तू सांग ना बाबांना," प्रतिक्षा आत कुजबुजली.

"सांगितलं. दोनदा. झोपल्यावर काढून घेऊ."

पण मास्तर कच्च्या गुरूचे चेले नव्हते. बायका काठाची साडी घुसडतील या धास्तीनं ते त्या पोत्यावरच डोकं ठेवून झोपले. सकाळी उठले तेव्हा त्यांचा डावा गाल पिवळाधमक झाला होता, नवरदेवाचा असतो तसा. प्रतिक्षानं तोंडावर पदर धरला. कोणी काही बोललं नाही. बोलायचं नव्हतंच ना!

प्रार्थनाघराच्या मागं पोतं सोडलं, आणि मास्तर पाहतच राहिले.

पांढरं काही उरलं नव्हतं. पिवळं! कुठं फिकट, कुठं गडद, कुठं हाताच्या पंजाएवढे डाग.

"मास्तर," चांगुणा म्हणाली, "कोणाची हळद हाय आज?"

"गप्प! साबण आणा! धुण्याचा सोडा आणा!"

सगळ्या बायकांनी एकदम तोंड उघडलं.

"अहो, साबण नका..."

"एक शब्द न्हाई!"

सगळ्या बायकांनी एकदम तोंड मिटलं.

मंडळी, हळदीला चुना लागला की तिचं कुंकू होतं. साबण आणि सोडा ही त्या चुन्याचीच चुलत भावंडं. घरात धुणं धुणाऱ्या कोणत्याही बाईला हे ठाऊक असतं. मास्तरांच्या घरात आजोबांनी ख्रिस्ती विश्वास पत्करल्यापासून कुंकू नव्हतं, आणि धुण्याच्या दगडापाशी मास्तर स्वतः कधी गेले नव्हते. त्यांनी लुंगी खोचून पहिल्या साडीवर साबण घासला. साडी लाजली! पिवळ्याची केशरी झाली. "साबण कमी पडून राहिला!" म्हणून त्यांनी ओंजळभर सोडा ओतला. साडी लालबुंद!

"अजून घासा! सगळ्या घासा!"

बायका निमूट घासू लागल्या. आज्ञा ती आज्ञा. हातात बांगड्या नाहीत, ओठात शब्द नाही, फक्त दगडावर खसाखसा. साड्या एकामागून एक लाल होत गेल्या. कपाळावरच्या टिकलीएवढ्या कुंकवालाही ज्या माणसानं कधी उंबरा ओलांडू दिला नाही, तो माणूस आख्खी मंडळी कुंकवात बुडवून बसला!

"निस्त्या पाण्यात खळबळून काढू," शेवटी शालूबाईंना राहवेना. "जरा उतरंल रंग."

मास्तरांनी पिंपात डोकावलं. पिंप कोरडं. टँकर उद्या येणार होता.

आणि तेवढ्यात जीपचा भोंगा वाजला. रामसिंगची जीप. पाहुणे! उन्हाच्या आधी पोचावं म्हणून तासभर लवकर निघालेले!

बायकांच्या अंगावरच्या घरच्या साड्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या, चिंब भिजलेल्या. मर्यादेचं नावसुद्धा काढायची सोय नव्हती.

"नेसा!" मास्तर ओरडले. "त्याच नेसा! लाल तर लाल, अंग तर झाकंल!"

बायका खोलीत पळाल्या. मास्तर स्वतः बनियन आणि ओल्या लुंगीत. त्यांनी पोत्यातून निघालेला आपला सदरा-पायजमा अंगात घातला. तोही घाईघाईत कोणीतरी साबणात बुडवलाच होता.

हिवराळे पाळक दारात आले. किरकोळ अंगाचे, जाड भिंगाचा चष्मा. मागोमाग त्यांच्या पत्नी, मार्थाबाई. आणि मार्थाबाईंना पाहून मास्तरांची बोबडी वळली. पोपटी साडी! बोटभर जरीचा काठ! हातभर बांगड्या! पाठीवर लांब वेणी, आणि वेणीत अबोलीचा गजरा!

आईच्या मागं विजयकुमार उभा होता. त्यानं लाल साडीतली प्रतिक्षा पाहिली आणि त्याला ठसकाच लागला.

पाळकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. डावीकडं ओळीनं लालेलाल बायका. समोर लालेलाल मास्तर, एक गाल पिवळा.

"जय ख्रिस्त," पाळक म्हणाले. "आज लग्न आहे वाटतं इथं. कितीजणींचं?"

मास्तरांचा पारा चढला. लाज वाटली की त्यांना राग यायचा, आणि राग आला की आवाज. ते बायकांकडं वळले. "ह्या बाया! एकीला बी अक्कल न्हाई! एक काम सांगितलं तर..."

आणि ते थांबले.

प्रतिक्षा त्यांच्याकडं बघत होती. सोड्यानं तिची बोटं सोलवटून निघाली होती. डोळे काठोकाठ भरले होते, आणि तरी ती एक शब्द बोलली नाही. तिच्या शेजारी शालूबाई, मागं चांगुणा, सगळ्या. सगळ्या गप्प. मास्तरांना जन्मभर हवी होती तशी शांतता प्रार्थनाघरात पसरली होती, आणि ती त्यांना सोसवेना. आपण पोरीचं सोनं करायला निघालो आणि मातीच केली, हे त्यांना त्या क्षणी उभ्या उभ्या कळलं.

"न्हाई, पाळकसाहेब," ते म्हणाले. आवाज इतका लहान, की मागच्या रांगेतल्या चांगुणाला पुढं सरकावं लागलं. "ह्यांचं काय बी चुकलं न्हाई. साड्या म्या आणल्या. हळदीचं पोतं म्या आणलं. साबण म्या लावला. ह्या सांगत व्हत्या, म्याच बोलू देलं न्हाई. तुमाला बायकांच्या कपड्यायची लई चीड हाय म्हणून ऐकलं, तवा वाटलं... तुमचं पोरगं माह्या पोरीला आवडलं हाय हो. ती तीन तीन बार अंगण झाडून राहिली. मला फकस्त तेवढंच पायजे व्हतं. सोयरीक मोडायची तर माह्या नावानं मोडा. तिच्या न्हाई."

प्रतिक्षानं अंगणाची गोष्ट ऐकून साडीपेक्षा लाल व्हायचा प्रयत्न केला.

"मला चीड आहे? कोणी सांगितलं?" पाळकांनी विचारलं.

"कळमनुरीची सोयरीक तुमी बायकांच्या कपड्यावरून मोडली ना?"

पाळकांनी खाली बसून घेतलं. "अहो, मुलीच्या आईच्या साडीला जरीचा काठ होता. बायकांच्या कपड्यावरून मुलीचा बाप भर मंडळीत तिच्यावर असा खेकसला, की माझ्या हातातला चहा सांडला. मी म्हटलं, ज्या घरात बाईचं तोंड असं बंद करतात, तिथल्या माणसाशी व्याही म्हणून जन्मभर कसं निभायचं? म्हणून मोडली."

"तेवढं ऐकायचं राहून गेलं," मास्तर पुटपुटले. "गाडी सुटली व्हती."

"आणि मला सांगा," मार्थाबाई गजरा सावरत म्हणाल्या, "ह्यांना खरंच चीड असती, तर ही वेणी घालून मी परभणीच्या बाहेर पडले असते का?" त्या सरळ डावीकडं जाऊन शालूबाईंच्या शेजारी बसल्या. "पण विहीणबाई, तुम्ही त्यांना पोत्याचं आधीच का नाही सांगितलं?"

'विहीणबाई' हा शब्द ऐकला आणि शालूबाईंचा इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सुटला. डोळे पदराला लावत त्या म्हणाल्या, "दोन बार सांगितलं जी. मंग वाटलं, पिवळ्यावर भागंल, जरा ह्यांचं बी शिकणं व्हईल. हा माणूस साबण लावील, असं सपनात बी न्हाई आलं!"

इतक्या दिवसांची मनाई फुटली. सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या, आणि हसायला लागल्या, आणि अक्कांच्या थोबाडीतपासून चांगुणाच्या नवऱ्याच्या तेराव्यापर्यंत सगळी कथा मार्थाबाईंच्या कानांवर एकाच वेळी आदळली.

उपासना झाली. पाळकांनी तेच पान उघडलं. "मर्यादेचं वचन खरंच आहे, सोनाजीभाऊ, मीही ते मानतो. पण त्याच्या आधी एक वचन पुरुषांसाठी आहे. पुरुषांनी राग आणि वाद सोडून, पवित्र हात वर करून प्रार्थना करावी. चला, करा बघू हात वर."

उजवीकडच्या सगळ्या पुरुषांनी हात वर केले. मास्तरांनीही केले. दोन्ही तळवे लालभडक, मेंदी काढलेल्या नवरीसारखे! प्रार्थनाघर खदखदलं. पाळकांनी तोंड शास्त्रामागं लपवलं, पण शास्त्र हलत होतं.

"हे वचन कवा आलं?" मास्तरांनी शालूबाईंना खालच्या आवाजात विचारलं.

"पयल्यापासून तिथंच हाय," शालूबाई म्हणाल्या. "तुमच्या अंगठ्याखाली."

दुपारी सोयरीक पक्की झाली. लग्नाची साडी पांढरी आणायची ठरलं, ख्रिस्ती लग्नात नवरीची असते तशी. ती आणायला मार्थाबाई आणि शालूबाई जाणार, आणि मास्तरांनी तिच्यापासून चार हात लांब राहायचं, हेही ठरलं. मास्तर 'व्हय' म्हणाले. एकदाच, आणि हळू आवाजात.

सोमवारी मास्तर ड्यूटीवर हजर. गालाचा रंग अर्धामुर्धा उतरला होता, तळव्यांचा काही उतरला नव्हता. सेनगावला एक म्हातारी चढली, मांडीवर गाठोडं घेऊन बसली. मास्तरांनी तिकीट फाडून पुढं केलं. म्हातारी तिकिटाऐवजी हाताकडंच बघत राहिली.

"मास्तर, घरात लगीन दिसतंय!"

"व्हय, आजी," मास्तर म्हणाले, आणि आनंद लपवता येईना म्हणून आख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "माह्या पोरीचं!"

"देव भलं करो!" म्हातारीनं तिकीट घेतलं, निरखून पाहिलं, त्यावर उमटलेला लाल अंगठा पदरानं पुसून पाहिला, मास्तरांच्या अजून पिवळट गालाकडं नजर टाकली आणि विचारलं, "मंग हळद तुमाला काहून लावली?"

आख्खी गाडी उत्तरासाठी मास्तरांकडं वळली. मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि जन्मात पहिल्यांदा अगदी शांतपणानं डबल बेल दिली.